अर्धं तोंड

रोवणा चालू होता. बांधीत बाया चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावत, अन् मी काठच्या धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकता फेकता नकला करो. सरपंच, मास्तर, अन् सगळ्यात जास्त फर्माइश शेजारच्या काकाची. काकाले लकवा मारला होता, तोंड वाकडं. मी ते हुबेहूब करो. लाज नव्हती तवा.

तापातून उठून मले दोनच दिवस झाले होते. डाव्या कानामागं ठणकून राहिलं होतं. त्या सकाळी धुऱ्यावर चहा आला. पहिलाच घोट डाव्या ओठातून सदऱ्यावर सांडला. बाया खदखदल्या.

"आज काका सकाळीच आला गा!"

"नाई वो, खरंच..." माझा आवाज मलेच काकाचा वाटला. त्या अजून हसल्या.

बांधीतून माय म्हणे, "पुरे कर. काकानं पायलं तं हाणन."

दिवसभर मी सांगून राहिलो, तोंड सरळ होत नाई. दिवसभर माय म्हणे, पेंढी फेक.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत काकाच बांधीवर आला. त्यानं माझी हनुवटी धरली.

"डोळे मीट."

मिटले.

"दोन्ही."

"दोन्हीच मिटले ना, काका." पण मले त्याचा चेहरा दिसूनच राहिला होता.

"नाटक नाई करून राहिला हा," काका मायले म्हणे. "एवढी बरी नक्कल याले जमत नाई. मले घरच्यायनं आठ दिवस कबुतराचं रक्त चोळलं. तू याले आत्ता गोंदियाले ने."

मायनं तशेच नहरात हात धुतले. बसमध्ये एकच विचारलं, "काल काऊन नाई सांगतलं?"

सांगतलं होतं.

डॉक्टरनं भुवया वर करायले लावल्या. एकच गेली. कानात बॅटरी मारली, आत फोड.

"दिमाग का लकवा नहीं है. वायरस से चेहरे की नस सूज गई है. कब से?"

"कल सुबह से," मी सांगतलं.

"ठीक. गोली तीन दिन के अंदर चालू होना मंगता."

"तोंड पहिल्यासारखं होईन ना, साहेब?" माय म्हणे.

"महीने लगते हैं, माई. किसी-किसी का पूरा नहीं आता. अभी आँख संभालो, धूल नहीं जानी चाहिए."

वापसीच्या बसची खिडकी लागत नव्हती. मायनं रुमाल माझ्या डोळ्यावर ठेवला अन् वरून पापणी दाबून धरली. तिरोडा गेलं, आमच्या गावचा फाटा जवळ आला, तरी तिनं हात काढला नाई.

"माय, हात दुखन. काढ."

"बोलत राय," माय म्हणे. "गाल पाहून राहिली मी. हालते का."