रोज दोन वेळा टोचून घेणारा ड्रायव्हर

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आजही हसू आवरत नाही. दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात नेमणुकीला होतो. एका सकाळी वारूळवाडीजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर पायाच्या जखमेसाठी दवाखान्यात राहून आला होता. शाळेकडे आलेल्या त्याच्या विम्याच्या कागदांवर आजाराचा कोड पडला होता एफ-११, आणि विमा कंपनीचा शेरा होता, 'रुग्ण सुईने अफूची नशा करतो.' बाई घाईघाईने म्हणाल्या,

"साहेब, चाळीस मुलं त्याच्या गाडीत बसतात हो!"

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि ड्रायव्हरला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, इस्त्रीच्या खाकी कपड्यांतला माणूस. दरडावून विचारलं, "सुया टोचून घेतोस?"

"व्हय साहेब. रोज, दोन येळा."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. हवालदार जबाब लिहू लागला.

"कधीपासून?"

"चार वर्सं झाली. मंडळीच टोचती. मला लई भ्या वाटतं सुईचं."

"माल कुठं ठेवतोस?"

"माठाच्या बुडाशी. गार लागतं त्याला, आन् आमच्यात फ्रीज न्हाई."

हवालदाराचं पेन थांबलं. "साहेब, माझी आईपण तसंच ठेवते. इन्सुलिन असणार ते."

"मंग दुसरं काय आसणार?" ड्रायव्हर गोंधळला. "शुगर हाय ना मला!"

तडक दवाखाना गाठला. रेकॉर्डवरच्या बाईंनी मूळ केसपेपर काढला. डॉक्टरांनी मधुमेहाचा कोड ई-११ लिहिला होता. पण इंग्रजी ई ची खालची रेघ उमटलीच नव्हती. टायपिस्टने एफ वाचला. शेजारी 'रोज इंजेक्शन' असं लिहिलेलं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. डॉक्टरांनी हळहळत दुरुस्तीचं पत्र सही-शिक्क्यासह दिलं.

ड्रायव्हरला जीपमध्ये घेऊन मी शाळेत गेलो. पत्र वाचून मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून उठल्या. "दादा, चुकलं माझं."

"आवो बाई, पोरांसाठीच इचारलं ना तुमी? मंग बराबर केलं."

तेवढ्यात शाळा सुटली. "काका आले!" म्हणत पोरं त्याच्या हाताला लोंबकळली. बाईंनी काढून घेतलेल्या बसच्या चाव्या परत हातात पडल्या तेव्हा तो एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होता.

कबुली मिळाली की पोलिसाला तपास संपल्यासारखा वाटतो. उरलेल्या नोकरीत मी मात्र कबुलीनंतरही माणसाला बोलू दिलं. पुष्कळदा खरी हकिकत तिथून पुढेच सुरू व्हायची.