एकाच जागेवरचा समुद्र

नवापूरच्या किनाऱ्यावर शहरातून आलेली एक कलाकार बाई रोज कॅमेरा रोवून समुद्राचा तोच तुकडा टिपत बसायची. तिचे व्हिडिओ परदेशात मोठमोठ्या दालनांत भिंतभर दाखवतात म्हणे. आमच्याशी मात्र तिचे दोनच शब्द, "चालू आहे." म्हणजे पुढून जाऊ नका, धक्का लावू नका. मला तिचा रागच यायचा. किनारा आमचा, आणि वाट आम्हीच वाकडी करायची!

एकदा वारा उठला आणि माझ्या भावाची बोट परतलीच नाही. फोनही लागेना. वहिनी सरळ कॅमेऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाय, तुज्या त्यातून लांबचं दिसतं ना? आमची बोट बग."

आता ही 'चालू आहे' म्हणणार, म्हणून मी मुठी आवळल्या. पण तिने चित्रण थांबवलं, कॅमेरा उपसला आणि वहिनीच्या हातात दिला. आम्ही सगळे वहिनीच्या तोंडाकडे बघत होतो.

बऱ्याच वेळाने वहिनी पुटपुटली, "बोटीवरचा झेंडा आपलाच हाय."

पुढे मुंबईच्या प्रदर्शनाला त्या बाईने आम्हाला बोलावलं. भिंतभर आमचा समुद्र हलत होता. मधेच पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. लोक गंभीर होऊन बघत होते. एकाने तिला त्याचा अर्थ विचारला.

ती म्हणाली, "तेव्हा कॅमेरा कामात होता."