आगळात बुडवलेली चक्की

आमच्या घरी गंजाला आमंत्रण लागत नाही. घरातून समुद्र दिसत नाही, पण खारा वारा पत्ता विचारत विचारत बरोबर येतो. खिडक्यांचे गज, फाटकाची कडी, कपाटाच्या बिजागऱ्या, शेगडीचे पाय, सगळं त्याने चाटून ठेवलेलं. आमचे हे बोटीवर होते तेवढी वर्षं त्या गंजाशी मी एकटी भांडले. दिवाळीआधी फाटक घासायचं, रंग द्यायचा आणि शिमग्यापर्यंत ते पुन्हा तांबूस झालं की फाटकालाच चार शिव्या द्यायच्या. ह्यांना फोनवर विचारावं, "गणपतीला येताय काय?" तर उत्तर ठरलेलं. "जमणार नाही गो. बोटीवर काम आहे." मुलीच्या बारशाला तेच, सासूबाईंच्या दिवसांना तेच. आणि बोटीवर ह्यांचं काम काय? तर इंजिन रूममधल्या लोखंडाला गंज धरू न देणं.

मग हे निवृत्त होऊन घरी आले. मला बरं वाटलं, ते कशाला लपवू? पण निवृत्त माणूस घरात ठेवणं सोपं नाही. ह्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, दोरीवरचे कपडे काढून पुन्हा सरळ रेषेत घातले, आणि एके दिवशी जाहीर केलं की हातांना काम नसेल तर आपल्याला वेड लागेल. मुंबईचा एजंट अजून फोन करत होता. एक कॉन्ट्रॅक्ट करून या, म्हणत होता. "इथे काहीतरी जमलं तर राहतो, नाहीतर जातो परत," हे म्हणाले. जसं काही मी एखादं बंदर होते.

त्यामुळे घरच्या घरी बियर करण्याचं खूळ ह्यांनी काढलं तेव्हा मी, रोज देवाला दूर्वा वाहणारी बाई, हूं म्हणाले. नवरा घरात राहणार असेल तर बियरनेही राहायला माझी ना नव्हती. शेजारच्या काकूंना सांगितलं की ह्यांना मुतखड्यासाठी बार्लीचं पाणी करते. काकू दुसऱ्या दिवशी आपल्या यजमानांसाठी तांब्या घेऊन हजर. त्यांना कसंबसं वाटेला लावलं.

त्या बियरसाठी बार्ली भरडायची एक चक्की आली. वर दाणे ओतायचं चाडं, बाजूला हँडल, आणि आत एकमेकांना चिकटून फिरणारे दोन लोखंडी रोलर. रोलरच्या अंगावर बारीक खाचा. दाणा त्या खाचांत धरला जातो आणि फुटतो. पीठ व्हायचं नाही, नुसती भरड. ह्यांनी चक्की पडवीत ठेवली. मी म्हटलं, "इथे वारा येतो." "बोटीवर आयुष्य गेलंय माझं," हे म्हणाले. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पहिली बियर बरी झाली. मग पावसाळा लागला आणि चक्की तशीच राहिली. श्रावणात चाडं काढून पाहतात तो रोलर पिकल्या पायरी आंब्यासारखे केशरी. हे असे ओरडले की काकू कुंपणापर्यंत आल्या. बार्लीचं पाणी सांडलं, मी सांगितलं.

बोटीवर गंज काढायला म्हणे ॲसिड असे. इथे ॲसिड नाही, पण ह्यांची नजर फडताळातल्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांवर गेली. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी आमसुलाने लखलखतात, मग लोखंडाने काय पाप केलंय? मी भाजीला गेलेली पाहून ह्यांनी बेगमीचं आगळ बादलीत ओतलं आणि त्यात रोलर बुडवले. संध्याकाळी काढले, पुसले, मला दाखवले. खरंच चकचकीत! "बघ," हे म्हणाले. सकाळी मी बघितलं. रोलर आधीपेक्षा लाल झाले होते. आगळ टिकावं म्हणून त्यात मूठमूठ मीठ घातलेलं असतं. रत्नागिरीत जन्मलेल्या, त्याच आगळाची सोलकढी पिऊन वाढलेल्या आणि पुढची हयात खाऱ्या पाण्यावर काढलेल्या माणसाला आगळात मीठ असतं हे नव्याने कळलं. त्या वर्षी आमच्याकडे सोलकढी झाली नाही, आणि ती का झाली नाही हे मी प्रत्येक जेवणाला सांगितलं.

ह्यांनी हार मानली नाही. तारेच्या ब्रशने रोलर खरवडले आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून त्यांना खोबरेल चोपडलं. विळीला, कोयतीला आपण लावतोच की! फरक एवढाच की विळीने चिरलेल्या भाजीवर फेस यावा अशी कोणाची अपेक्षा नसते. बियरवर असते, आणि तेल लागलं की फेस बसतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पावस गावाहून ह्यांचे बोटीवरचे एक जुने दोस्त खास चव घ्यायला आले. ग्लासात फेसाचं नाव नाही. वर तेलाचे डोळे तरंगताहेत, आणि वास असा की खवट खोबऱ्याची वाटी फोडावी. त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ ग्लासाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "वहिनी, ही प्यायची की डोक्याला लावायची?"

मी हसले. इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी पॉलिश पेपर हाती घेतला. घास घास घासले. बोटीवर म्हणे गंजाचा डाग राहिला की साहेब बोट लावून दाखवायचे. इथे साहेब नव्हता तर हे स्वतःच साहेब झाले. रोलर असे झाले की त्यात बघून मी कुंकू लावलं असतं. मग हँडल फिरवलं. बार्ली वरच्या वर घरंगळत राहिली, एक दाणा आत जाईना. गंजाबरोबर ह्यांनी खाचाही घासून टाकल्या होत्या.

हे चक्कीसमोर बसून राहिले. तेवढ्यात एजंटचा फोन आला. "कळवतो," हे म्हणाले. आत गेले आणि माळ्यावरून बोटीची बॅग काढली. मी दारात उभी राहून बघत होते. बॅगेची चेन ओढली तर ती हलेना. तीही गंजलेली.

"जरा तेल दे गो."

"देते की. खोबरेल चालेल?"

हे चेन ओढतच राहिले, आणि मग माझंच डोकं फिरलं. "उघडेल कशी? वर्षभर हात लावला नाही तर आमच्याकडे काहीच उघडत नाही. ते फाटक बघा. परक्यांची बोट घासायला तुम्ही जगभर फिरलात, आणि घरचं फाटक मी एकटीने घासलं. आता दोन रोलर गुळगुळीत झाले म्हणून चाललात? गुळगुळीत झालेलं जातं कोणी फेकून देतं काय? टाकी मारून पुन्हा खाचा पाडतात त्याला. जाऊ नका तुम्ही. मला नको आहे तुम्ही गेलेलं." एवढं सरळ मी लग्नापासून बोलले नव्हते. आवाज इतका चढला होता की काकूंच्या घरातला टीव्ही बंद झाला.

सकाळी हे रोलर पिशवीत घालून एमआयडीसीत लेथवाल्याकडे गेले आणि खाचा पाडून आणले. मग मी कायदा केला. भरडून झालं की कोरड्या ब्रशने झाडायचं, पाणी नाही, तेल नाही, आगळाचं तर नावही नाही. आणि चक्की राहील माझ्या तांदळाच्या पिंपात, कापडात गुंडाळून. तांदूळ ओल ओढून घेतो. ज्या पिंपात मी कोणाला हात घालू देत नाही, त्यात मी बियरची चक्की ठेवून घेतली. आणि वरचेवर भरडायचं, कारण रोजच्या वापरातल्या विळीला गंज धरत नाही.

पहिल्यांदा भरडायला बसलो तेव्हा मी ओंजळीने बार्ली टाकत होते, हे हँडल फिरवत होते. दाणे करकर फुटत होते. फोन वाजला. पलीकडे एजंट होता. हे एका हाताने फोन धरून ऐकत राहिले, दुसरा हात हँडलवरच होता. माझी ओंजळ चाड्यावर तशीच थांबली.

"जमणार नाही हो," हे म्हणाले. "घरी काम आहे."

मी रडवी नाही. पण ओंजळ सुटली आणि बार्ली पडवीभर पसरली. ती ह्यांनाच वेचायला लावली.