अकरा वेळा आलेला प्लंबर आणि वैशालीताई

वैशालीताई आज सकाळी गेली.
माझी खोटं बोलायची सवय सोडवणारी एकमेव बाई.

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आम्ही एकाच टीममध्ये. ती नागपूरची, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी.

मला आतड्याचा जुना आजार आहे. कधी उफाळेल, सांगता येत नाही.
पण व्हिसावरच्या माणसाने आजारी पडायचं नसतं, अशी माझी ठाम समजूत.

म्हणून पोट बिघडलं की आमच्या मॅनेजरला, डेव्हला, मेसेज टाकायचे. प्लंबर येतोय, आज जमणार नाही.

सहा महिन्यांत अकरा वेळा प्लंबर आला.

शेवटी डेव्हलाच दया आली. त्याने मला दुसरं घर बघायला एक चांगला एजंट सुचवला.

हे ऐकून ताई इतकी हसली की तिचा विग सरकला.
तिची केमो चालू होती, दर मंगळवारी. 'मेडिकल लीव्ह' एवढं लिहून ती बाराला निघायची. सॉरी नाही, काही नाही.

"आजार सांगायची लाज वाटते तुला, अन् खोटं बोलायची नाही?"

मग समोर बसवून तिने माझ्याकडून एचआरचा फॉर्म भरून घेतला. वर्षाला बारा आठवडे आजारपणाची रजा, बिनपगारी, पण तासातासानेही घेता येतात. डॉक्टरने लिहून द्यायचं. रजा घेतली म्हणून नोकरीवरून काढता येत नाही.

मी म्हटलं, डेव्ह चिडला तर?
"चिडू दे. त्यालाही बीपी आहे, तोही घेईल रजा."

डेव्ह चिडला नाही. फक्त म्हणाला, हे दुखणं शुक्रवारी दुपारी बसवता येईल का?
ताई शेजारीच होती. हिच्या पोटाशी बोलून कळवते, म्हणाली. डेव्ह कानापर्यंत लाल.

गेल्या आठवड्यात तिला हॉस्पिसमध्ये हलवलं, शेवटच्या दिवसांची शुश्रूषा करतात तिथे.
मी नियम पुन्हा वाचून काढले. नवरा, मुलं, आईवडील यांच्यासाठी रजा मिळते. मैत्रिणीसाठी एक तासही नाही.

तरी डेव्हला फोन केला.
"वैशाली चाललीय. मला तिच्याजवळ बसायचंय. नियमात बसत नाही, पण मी जातेय."


तो म्हणाला, "जा. लॅपटॉप घरी ठेव."

तीन दिवस बसले. ताईने एकदाच नीट डोळे उघडले.
"आज कामावर नाहीस?"
"सांगून आलेय, ताई. खरं सांगून."
ती हसली. मला रडू आवरेना.

ये आता, ताई. निवांत जा.
आता कुणाला काही कळवायचं नाही.