आप्पांना जागेपणी जायचं होतं

दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी आप्पा नाकाखाली बोट धरून उभे राहायचे. उजव्या नाकपुडीतून श्वास चालू असेल तर उजवा पाय आधी, डावीतून असेल तर डावा. दोन्हीतून सारखा चालू असेल तर स्वारी परत आत जाऊन खुर्चीत बसणार. "सुषुम्ना चालू हाय. आत्ता संसाराचं काम करायचं न्हाय." आणि नेमकी त्याच वेळी आक्कांनी भाजीची पिशवी हातात दिलेली असायची. सर्दी झाली तर विचारूच नका. दोन्ही नाकपुड्या बंद, त्यामुळं माणूस घरात ठाण मांडून.

आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आक्का. खरं नाव मी सांगणार नाही. का सांगत नाही ते पुढं तुमचं तुम्हालाच कळेल. वडगावात आमची मधली भिंत एक. अलीकडं माझे कापडाचे माग, पलीकडं आप्पांचं ध्यान. सरकारी बस डेपोत टाइमकीपर म्हणून रिटायर झालेला माणूस. गाडी वेळेवर सुटली नाही की ज्याला जेवण गोड लागायचं नाही, त्यानं रिटायर झाल्यावर स्वतःच्या जाण्याची तयारी सुरू केली, यात मला तरी नवल वाटलं नाही.

चेष्टा करतोय खरी, पण आधी एक सांगून टाकतो. आप्पांच्या या वेडामागं एक मरण होतं. त्यांचे थोरले भाऊ दवाखान्यात गेले. तोंडात नळी, हात कॉटला बांधलेले, डोळे उघडे पण ओळख नाही. आप्पा उशाशी उभे राहून हाका मारत होते आणि भाऊ छताकडं बघत होते. तिथून आल्यावर ते मला म्हणाले, "त्यो गेला तवा त्यो तिथं नव्हताच रं. जीव गेला आन् मालकालाच पत्ता न्हाय. मला तसं जायाचं न्हाय. जाताना मी हजर पायजे. जागा पायजे." माणूस मरणाला भीत नव्हता, बेसावध मरायला भीत होता.

अशा माणसाला गुरू मिळायला वेळ लागत नाही. काकतीजवळच्या एका फार्महाउसवर कुणा गुरुजींचं निवासी शिबिर होतं, जागेपणी देह कसा सोडावा याचं. सकाळी चहा-उप्पीट, मग मरणाचा सराव, दुपारी जेवण, मग थोडी झोप, मग परत मरण. आप्पा गळ्यात ओळखपत्र घालून परत आले, ते चांगलं लॅमिनेशन केलेलं. मोबाइलमध्ये 'अमृतपुत्र' नावाचा ग्रुप आला. रोज पहाटे कुणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकायचं, खाली लिहिलेलं, 'तू मरत नाहीस.' आणि सगळे अमृतपुत्र हात जोडायचे.

शिबिरात शिकवलेलं आप्पा मला तपशिलात सांगायचे. प्राण आधी पायाच्या अंगठ्यातून वर ओढून घ्यायचा, गुडघे, कंबर, नाभी, छाती करत भुवयांच्या मधे आणायचा, आणि तिथून टाळूच्या ब्रह्मरंध्रातून बाहेर. "आतला जो हाय त्यो मरतच न्हाय. नुस्तं दार उघडून भायेर पडतोय." मग ते दार मोकळं राहावं म्हणून आप्पांनी डोक्यावर काही घालणंच सोडलं. कानटोपी गेली, टोपी गेली, शेवटी हेल्मेटही गेलं.

एकदा चौकात पोलिसानं त्यांची स्कूटर अडवली. मागं मी बसलो होतो.

"हेल्मेट कुठं हाय ओ आजोबा?"

"घालत न्हाय. ब्रह्मरंध्र मोकळं ठेवाय लागतंय."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं. "आजोबा," तो म्हणाला, "हेल्मेट घातलं न्हाय तर एक दिवस ते आपसूक मोकळं हुईल की ओ." आप्पांनी पावती घेतली, घडी करून खिशात घातली आणि नाकाखाली बोट धरून मगच स्कूटरला किक मारली.

मागांचा खडखडाट भिंतीतून आरपार जायचा, म्हणून मी एकदा विचारलं, "आप्पा, ध्यानाच्या वेळी माग बंद ठेवू काय?" तर म्हणाले, "नको रं. मी मराय लागलो म्हणून जग काय गप बसणार हाय? चालू दे." मला मोठं कौतुक वाटलं. पण दुपारी लाइट गेली, माग एकदम गप झाले, की पलीकडून आप्पा दचकून ओरडायचे, "काय झालं? गाडी लागली काय?" आणि आक्कांचा आवाज यायचा, "या! उतरली बघा समाधी."

आक्कांची जीभ अशी. नवऱ्याच्या साधनेवर त्यांनी एक दिवस खाडा न करता तोंडसुख घेतलं. "जिवंतपणी कवा जागं न्हाईसा, मरताना कशाला जागं ऱ्हातासा?" हे त्यांचं ठरलेलं. आप्पा हसायचे. पण दुसऱ्या कुणी हसलेलं आक्कांना खपत नसे. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं एकदा आप्पांची नक्कल केली, तर त्यांनी त्याला भर रस्त्यात असं काही झाडलं की बिचाऱ्याचं दूध उतू गेलं.

आणि मग आप्पांनी जाहीर केलं, "येत्या एकादशीला मी देह ठेवणार."

ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडले. गुरुजींनी फुलं पाठवली, मोबाइलवरची. आक्कांनी मात्र रात्रीचं ताट वाढताना पापड दोनदा वाढला, एवढंच.

आता इथं आमच्या सीमाभागाची गंमत ऐका. आप्पांचं गणगोत अर्धं निपाणीचं, अर्धं चिकोडीचं. निपाणीच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर, चिकोडीच्या भिंतीवर कन्नड पंचांग. आणि त्या पंधरवड्यात एकादश्या दोन आल्या होत्या, आदल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. जन्मभर गाड्यांच्या वेळा बिनचूक सांगणारा माणूस, पण कुठल्या एकादशीला जाणार ते सांगायचंच विसरला.

पहिल्या दिवशी निपाणीचे आले. लेक, जावई, नातवंडं, हार, उदबत्त्या. आप्पा अंघोळ करून पद्मासनात बसले. दुपार झाली. आत आक्का पाहुण्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करत होत्या आणि तुपात जिरं पडल्याचा वास बाहेर येत होता. जाणारा उपाशी आणि पोचवायला आलेले दुसऱ्यांदा वाढून घेतायत, असा तो देखावा. दिवस मावळला तसे आप्पांनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडं आणि ते सगळ्यांकडं.

"भागवत एकादशी उद्या हाय," आप्पा म्हणाले.

जावई माझ्या कानाशी लागला, "उद्या नक्की काय ओ? मला रजा टाकाय लागंल."

दुसऱ्या दिवशी चिकोडीचे आले, तेही हार घेऊन. त्यांना वाटलं, निपाणीकर आधीच येऊन जागा धरून बसलेत. निपाणीकरांना वाटलं, हे आयत्या वेळेला आले. आक्कांचे भाऊ दारातूनच हळू आवाजात विचारायला लागले, "यावाग्री?" म्हणजे कधी. जसं काही मलाच वेळ ठाऊक. आप्पा पुन्हा बसले. दोन दिवसांचा उपास, रात्रीची झोप नाही. थोड्या वेळानं त्यांच्या छातीतून खोल, घुमणारा असा एक आवाज यायला लागला. बायकांनी हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "आतनं ओंकार चाललाय बघा."

"ओंकार कसला आलाय," आक्का म्हणाल्या, "घोराय लागलेत."

तेवढ्यात आप्पा जागे झाले. देह ठेवायला नाही, पायात गोळा आला म्हणून. "आई गं, पाय! पाय धर रं!" मी आणि आक्कांनी मिळून त्यांची मांडी सोडवली, तेल लावून पोटऱ्या चोळल्या. पाहुणे भिंतीकडं बघत हळूहळू चपला शोधायला लागले. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. पोट धरून हसले. मीही हसलो. आप्पा डोळे मिटून पडले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं.

गुरुजींनी कळवलं, 'संकल्प कच्चा पडला.' ग्रुपमधून आप्पांचा नंबर काढला. गल्लीत येता-जाता लोक विचारायचे, "काय आप्पा, आता कुठली एकादशी?" ते मान खाली घालून जायचे. नाकाखाली बोट धरणं बंद झालं. एकदा मला म्हणाले, "मरणाचं एवढं वाटत न्हाय रं. पण आता मी कसा बी गेलो तरी लोक हसणारच." ध्यान त्यांनी सोडलं नाही, पण आता दार लावून बसायचे. आणि आक्काही काही बोलायच्या बंद झाल्या. त्यांची ती शांतता ऐकून मला मागाचा आवाज बरा वाटायचा.

असं एखादं वर्ष गेलं असेल. एका दुपारी मागावर होतो. आक्का मागच्या दारातून आल्या आणि काहीतरी बोलल्या. खडखडाटात ऐकू येईना. मी स्विच बंद केला.

"आप्पा उठना झालेत," त्या म्हणाल्या.

जाऊन बघतो तर आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत. समोर टीव्हीवर सीमाप्रश्नाची चर्चा चाललेली, चार माणसं एकाच वेळी ओरडत होती. आप्पांची मान कलंडलेली, तोंड उघडं, मांडीवर रिमोट. बनियनवर आमटीचा डाग. जेवण करून टेकले होते आणि झोपेतच गेले होते. ज्याची त्यांना जन्माची धास्ती, नेमकं तेच. मला भडभडून आलं.

"रडू नकोस," आक्का म्हणाल्या. "दार लाव आधी."

मी दार लावलं.

"अजून ऊब हाय. हातपाय वळत्यात. धर. मांडी घालूया त्यास्नी."

आक्कांनी रिमोट काढून बाजूला ठेवला, पदरानं आप्पांचं तोंड पुसलं. आम्ही दोघांनी त्यांना उचलून भिंतीशी चटईवर बसवलं. पाठीशी लोड दिला. मी पाय दुमडले. दुखेल म्हणून मी हळू दुमडत होतो, विचार करा. आक्कांनी बनियन बदलला, कपाळाला भस्म लावलं, हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटी वर करून धरली आणि ती तशीच राहीपर्यंत सोडली नाही. मागं सरकून बघितलं, परत पुढं जाऊन केस नीट केले. टीव्ही बंद केला. मग दार उघडून त्यांनी जो हंबरडा फोडला तो मात्र खराखुरा होता.

"ध्यानात बसल्यात तसंच गेलं ओ! मला सांगून गेलं!"

पुढचं काय सांगावं. गल्ली लोटली. जे पोट धरून हसले होते ते पायाशी डोकं टेकून रडले. चहावाला म्हणाला, "मला सकाळीच म्हणालते, आज निघतो म्हणून." ग्रुपात त्यांचा नंबर पुन्हा घेतला. मेलेल्या माणसाला ग्रुपात आल्याबद्दल साठ-सत्तर लोकांनी हात जोडले. गुरुजी स्वतः गाडी करून आले आणि म्हणाले, "माझा शिष्य." तिथी कुठली होती, तर साधी षष्ठी. पण निपाणीकरांनी आणि चिकोडीकरांनी मिळून षष्ठीचंही महत्त्व शोधून काढलं. त्या घराण्यात पहिल्यांदाच दोन्ही कॅलेंडरांचं एकमत झालं. आप्पांना खुर्चीत बसवून, फुलं उधळत, वाजतगाजत नेलं. आणि हेल्मेटची पावती फाडली होती त्या चौकातून जाताना मला उगाच वाटलं की हा माणूस आत्ता खुशीत असेल.

दिवस झाल्यावरही माणसं येत राहिली. आक्का फोटोजवळ बसायच्या. बायका त्यांच्या पाया पडायच्या, म्हणायच्या, "भाग्यवान हो तुम्ही. नवरा सांगून गेला." आक्का मान हलवायच्या.

एका संध्याकाळी मी सूत आणून परत येताना डोकावलो. आलेले लोक नुकतेच गेले होते, रिकामे कप तसेच पडले होते. आक्का फोटोकडं तोंड करून बसल्या होत्या. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा असेलही.

"मी आतच होते की," त्या फोटोला म्हणत होत्या. "चुलीपाशी. दोन पावलांवर. सगळ्या गावाला सांगून दोन दिवस बसलासा. आन् खरंच निघालासा तवा मला एक हाक मारायला काय झालतं ओ तुमास्नी?"