संतोषच्या कॅबिनेटचं बटण

भिसेगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत मेघाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच खोलीत दाराजवळ तिचे वडील श्रीपत पंखे, मिक्सर खोलून बसलेले असतात. पत्रा कापायचा कसा, कड घासायची कशी, हे ती त्यांच्याकडूनच शिकली. म्हणून कॉम्प्युटरच्या जुन्या खोक्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, नवं मशीन बसवायचं असलं, की कर्जतात लोक तिचंच नाव सांगतात.

भिवपुरीकडच्या इंदूबाई रिक्षातून असंच एक कॅबिनेट घेऊन आल्या. पूर्वीचं पांढरं, आता पिवळट पडलेलं. सोबत त्यांची नात रिया होती. तिला कॉलेजच्या ड्रॉइंगसाठी चांगलं मशीन हवं होतं.

"आत काय घालायचं ते घाल गं," इंदूबाई म्हणाल्या, "पण खोका ह्योच ठेव. माझ्या संतोषचा हाय."

संतोष म्हणजे रियाचे वडील. ती लहान असतानाच ते गेले होते.

मेघानं आतलं सगळं काढलं. नव्या बोर्डासाठी मागचा पत्रा कापला, भोकं पाडली, पंख्यापुढं जाळी बसवली. जुन्या पद्धतीप्रमाणं घरातली वीज जाड केबलनं थेट पुढच्या बटणापर्यंत आणलेली होती. दाबलं की ते आत अडकून बसायचं. आता त्याचा उपयोग नव्हता. केबल तिनं कापून टाकली, बटण शोभेला राहू दिलं आणि खाली नवं छोटं बटण बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवून ती टेबलाशी येते न येते तोच खट् असा आवाज आला. जुनं बटण आत गेलं होतं. जरा वेळानं ते बाहेर आलं. पुन्हा आत गेलं.

"स्प्रिंग ढिली झाली आसंल," श्रीपत मान वर न करता म्हणाले.

तिनं स्प्रिंग काढली, अडकवणारा खटकाही काढला. बटण आता नुसतं खाचेत लुळं पडलं होतं.

पुढच्या दुपारी तिच्या डोळ्यांदेखत ते सावकाश आत सरकलं आणि तिथंच राहिलं. तिनं मागून हात घालून ते बाहेर ढकलायला पाहिलं. बटण हलेना. पलीकडून कुणी अंगठा दाबून धरावा तसा भार बोटाला जाणवत होता. आणि बटण गरम होतं.

"बाबा, इकडं या."

श्रीपतनी येऊन स्वतःचं बोट लावलं. त्या घरात देव-देव नव्हते, भुतंखेतं तर नव्हतीच. अंगात येणाऱ्यांना त्यांनी तोंडावर खोटं पाडलेलं होतं. बोट काढून त्यांनी ते सदऱ्याला पुसलं आणि म्हणाले, "त्या पोरीला इचार."

मेघानं रियाला फोन लावला. त्या जुन्या बटणाचं काही आठवतं का, असं विचारलं.

"ताई, पप्पा दुपारी ड्युटीवरून आले की आधी बटण दाबायचे. चालू व्हायला फार वेळ लागायचा. तेवढ्यात मोरीत हातपाय धुवून यायचे. शेवटच्या दिवशी त्यांच्या छातीत दुखत होतं. तरी आले आणि बटणच दाबलं. पण तार तुटून लाईट गेली होती. आजी म्हणत होती, येईल आता, बस जरा. ते खुर्चीत बसले, ते बसलेच."

फोन ठेवल्यावर मेघाला त्या कापलेल्या केबलकडं बघवेना. तिनं पुन्हा स्प्रिंग घातली, आत पत्र्याची छोटी पट्टी वाकवून लावली आणि जुनं बटण दाबलं की नव्या बोर्डाचा स्विच लागेल असं केलं. मग मशीनला वीज जोडून दोघं बापलेक दाराजवळ बसून राहिली. बाहेर ऊन होतं, शेजारी कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

खट् झालं. पंखे फिरले. पडद्यावर उजेड आला.

आणि मागच्या बाजूला, घरात दुसरं कुणी नसताना, मोरीतला नळ सुटला. पाणी बादलीत नाही, फरशीवर पडत होतं. मधेच कुणाच्या तरी पायावर पडावं तसा आवाज बदलत होता. मेघानं वडिलांचं मनगट धरलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही. नळ बंद झाल्याचंही नीट ऐकू आलं.

त्यानंतर बटण आपोआप कधी हललं नाही. मेघानं मशीन इंदूबाईंच्या घरी नेऊन दिलं. खुर्ची अजून तिथंच होती. रिया तिच्यावर बसली आणि कामाला लागली. घडलेलं सांगावं की नाही, हे मेघाला ठरवता येईना. इंदूबाई कॅबिनेटवरून हात फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "चालू होतंय ना लगेच?"

"होतंय, आजी."

"मंग झालं."

ती घरी परतली तेव्हा श्रीपत मोरीत वाकून नवा नळ बसवत होते.

"जुना गळत होता का, बाबा?"

"नाय," ते म्हणाले आणि पाना आवळत राहिले.