चुलीचा तास

मी फार शिकलेला नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कुणी चुका काढत बसायला नको. माझी शाळा का सुटली ते माझ्या माघारी लोक भलतंच सांगतात, म्हणून लिहायला घेतलंय. बसणं मला जमत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, अंगणात चक्कर मारतो, परत येतो.

निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. पण दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, पिंगळीच्या स्टेशनमास्तरचा लय रुबाब वाटायचा. आपलं पोरगं इंग्रजी शिकून तसल्या खुर्चीत बसलं पाहिजे, हे त्यांनी डोक्यात घेतलं. म्हणून मला चालत जाता येईल अशा एका लहानशा कॅथलिक मिशनच्या हायस्कुलात घातलं. घरची अट एकच. तिथलं खायचं नाही आणि पाणी तर प्यायचंच नाही.

शाळा एवढीशी, की इंग्रजी आणि घरकाम दोन्ही एकच गोव्याकडची सिस्टर शिकवायची. घरकामाला आम्ही चुलीचा तास म्हणायचो. पोरींसारखा तो पोरांनाही होता. सिस्टरचं म्हणणं, इंग्रजी पुस्तकातून येत नाही, जेवणाच्या टेबलावर येतं. त्या तासाला ताट असो की कांदा, इंग्रजीतच मागायचा. मी कांदे चिरायचो, ताटं मांडायचो, आणि सगळे जेवायला बसले की आपली भाकरी घेऊन लिंबाखाली जायचो. सिस्टर बघायची आणि बाकीच्यांना वाढायला लागायची.

गावात पोरं छळायची, "काय रे सायेबा, लुगडं कवा नेसायलास?"

"तुझ्या लग्नात," मी म्हणायचो.

एक दिवस ताटं मांडताना टेबलाच्या पलीकडून एका पोरीनं इंग्रजीत मीठ मागितलं. पोरगी आमच्याच गावची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिच्या घरचे ख्रिस्ती झाले होते. मिठाची वाटी माझ्याजवळ होती. मी ती उचलून तिच्यापुढं टेबलावर ठेवली.

"हातात दे," सिस्टर म्हणाली.

मी वाटी परत उचलली, परत खाली ठेवली. सिस्टर लाल झाली. "या टेबलावर शिवाशीव चालणार नाही. हातात दे, नाहीतर उद्यापासून इंग्रजीला बसायचं नाही."

"सिस्टरबाई, मीठ हातात देत नसतेत. भांडण होतंय."

"ते तर झालंच की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सिस्टरनं त्या पोरीकडं बघितलं. "खरं आहे का हे?"

"मिठाचं खरं हाय, सिस्टर. माझी माय बी देत न्हाई हातात."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. "अन् पाण्याचं रे? ते बी भांडणामुळंच पीत न्हाईस व्हय इथलं?"

कोपऱ्यात माठ होता. ती उठली, पेला भरून माझ्यापुढं धरला. "घे. हे हातात देतात."

मला कुणी संत समजू नये. समानता वगैरे माझ्या मनात नव्हती. पण तिनं माझ्या बाजूनं खरं सांगितलं होतं आणि आता माझ्या तोंडावरही खरंच सांगत होती. सगळा वर्ग बघत होता. मी भ्यालो असं कुणी म्हणावं, हे मला तेव्हाही सोसत नव्हतं, आजही नाही. पेला घेतला, प्यालो.

"झालं?" मी म्हणालो.

"आजून घे," ती म्हणाली. "ऊन लय हाय."

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दादा दारातच उभे.

"पिलास?"

"पिलो."

मला वाटलं, आता हाणतात. पण त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, चावडीवर बोलावलंय. पोरं खोटं बोलायलीत, एवढंच म्हण. बाकी मी निस्तरतो. अन् उद्या शाळेला जा."

त्या खुर्चीची आस माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती. माय आतून म्हणाली, "म्हण की रे एकडाव, काय झिजतंय तुझं?" काही झिजत नव्हतं. पण पिलो ते पिलो. न पिल्यासारखं कसं करू?

चावडीवर पाटलानं विचारलं. मी म्हणालो, "पिलो. गार होतं."

दादांनी तिथं माझ्याकडं बघितलं नाही. आजच्या आज शाळा बंद, हे पाटलाच्या आधी त्यांनीच सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरी येताना ते पुढं, मी मागं. वाटेत एकदाच बोलले, तेही वळून न बघता.

"औत धरता येतं का तुला?"

"येतं," मी म्हणालो.

येत नव्हतं.